कोकणातल्या रुग्णालयाच्या संशोधनाचा हिशेब कसा मांडावा

"गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडून किती पेपर आले?" हा प्रश्न तपासणीच्या आधी, अनुदानाच्या अर्जात किंवा वार्षिक अहवालाच्या वेळी हमखास येतो. मग प्रत्येक विभागप्रमुखाला ईमेल जातो, वर्डच्या बारा फायली येतात, कुणीतरी त्या एकाखाली एक चिकटवतो आणि खाली बेरीज लिहितो. ही बेरीज जवळजवळ नेहमी चुकीची असते. मेडिसिन, मायक्रोबायॉलॉजी आणि पीएसएम (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) या तीन विभागांनी मिळून लिहिलेला लेप्टोस्पायरोसिसचा एकच लेख तिन्ही याद्यांत येतो आणि तीन वेळा मोजला जातो. उलट, बदली होऊन गेलेल्या डॉक्टरांचे लेख कुणाच्याच यादीत नसतात.

रत्नागिरी, ओरोस, अलिबागची शासकीय महाविद्यालयं नवी आहेत. डेरवणसारखी ग्रामीण केंद्रं आणि तालुक्याच्या गावातली छोटी खासगी रुग्णालयंही संशोधन करतात. अशा ठिकाणी वर्षाला दहा-वीस लेख निघत असतील तर प्रत्येक नोंद महत्त्वाची. शंभर तासांचं काम धरलं तर सत्तर तास फक्त यादी शुद्ध करण्यात जातात, आणि ते जावेतच. कच्च्या यादीवर काढलेला एच-इंडेक्स (सहा लेखांना प्रत्येकी किमान सहा संदर्भ मिळाले असतील तर ६) म्हणजे शाकारणी न करता रंगवलेलं घर, पहिल्या पावसात गळणार.

आधी हद्द ठरवा

संगणकाला हात लावण्यापूर्वी अर्ध्या पानावर चार गोष्टी लिहून त्यावर अधिष्ठात्यांची किंवा संचालकांची सही घ्या.

केंद्र म्हणजे नेमकं काय? फक्त महाविद्यालय, की जोडलेलं रुग्णालय, नर्सिंग कॉलेज आणि ग्रामीण आरोग्य केंद्रसुद्धा? जिल्हा रुग्णालयाला महाविद्यालय जोडलं गेलं असेल तर त्याआधी 'सिव्हिल हॉस्पिटल' या पत्त्यावरून निघालेले लेख धरायचे का, हे इथेच ठरवा. धरावेत, पण वेगळ्या रकान्यात, असं आमचं मत.

कालावधी कोणता? लेख डिसेंबरात ऑनलाइन येतो आणि मार्चच्या अंकात छापला जातो. एक नियम धरा (अंकाचं वर्ष धरणं सोपं) आणि शेवटपर्यंत तो मोडू नका.

कोणते प्रकार धरायचे? मूळ संशोधन, आढावा, केस रिपोर्ट, संपादकाला पत्र हे सगळे नोंदवा, पण बेरजा वेगळ्या ठेवा. परिषदांमधले सारांश आणि पोस्टर यादीत नकोत.

चौथी गोष्ट वादाची: लेख कुणाचा? शासकीय महाविद्यालयांत बदल्या आणि प्रतिनियुक्त्या सतत चालू असतात. कोल्हापुरात केलेलं काम ओरोसला रुजू झाल्यावर छापलं जातं. नियम एकच ठेवा: छापील लेखावर ज्या संस्थेचा पत्ता आहे, लेख त्या संस्थेचा. डॉक्टर आज कुठे नोकरीला आहेत, याचा संबंध नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी पाळला तरच हिशेब प्रामाणिक राहतो.

पत्त्याच्या स्पेलिंगांची यादी

कोकणातली गावांची नावं इंग्रजीत लिहिताना जितके लेखक तितकी स्पेलिंगं. सावर्डे आणि सावंतवाडी यांतला 'व' कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. डेरवणचंही तेच. अलिबाग कधी ए-जी ने संपतं, कधी ए-यू-जी ने. ओरोसचा शेवटचा स्वर कुणी ओ करतं, कुणी ए. सिंधुदुर्गच्या शेवटी एखादा ए चिकटतो. रुग्णालयाचं नाव आडनावावरून असेल (वालावलकर घ्या), तर त्यातले व पुन्हा दोन्ही तऱ्हांनी लिहिलेले सापडतात. वीस-पंचवीस छापील लेख समोर ठेवून दिसेल ते प्रत्येक रूप एका पानावर उतरवा. एका मध्यम केंद्राची सहज पंधरा ते तीस रूपं निघतात.

उलटा धोकाही आहे. नुसतं 'रत्नागिरी' शोधलंत तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे आंब्या-काजूचे आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाचे लेख येऊन पडतात. 'रायगड' घातलंत तर कामोठे-पनवेलची मोठी रुग्णालयं आणि लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठही येतं. शिवाय इंग्रजीत रायगड कधीकधी शेवटी आर-एच घालून लिहिलं जातं, त्यामुळे छत्तीसगडमधलं रायगढ आणि तिथलं वैद्यकीय महाविद्यालयही यादीत घुसतं. म्हणून जिल्ह्याच्या नावाने आलेली प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते, त्याला पर्याय नाही.

पत्त्यावर नुसतं 'शासकीय वैद्यकीय महाविद्यालय' लिहून गाव गाळण्याची सवय तर फारच महागात पडते. महाराष्ट्रात या नावाच्या संस्था कितीतरी आहेत. डेटाबेसचं यंत्र अंदाजाने त्यातली एखादी जुनी, मोठी संस्था निवडतं आणि तुमचा लेख तिच्या खात्यात जातो. याच टप्प्यावर संस्थेचा आरओआर क्रमांक (संशोधन संस्थांचा जागतिक ओळखक्रमांक) आहे का ते पाहा. नसेल तर आरओआरच्या संकेतस्थळावर अर्ज करा, तो मोफत आहे. नोंदीत मराठी नाव, जुनं नाव आणि आद्याक्षरं घालता येतात.

शोध: चार जाळी, एकच समुद्र

एकाच डेटाबेसवर विसंबलात तर मासे निसटतात.

पबमेडपासून, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत डेटाबेसपासून, सुरुवात करा. शोधशब्दापुढे चौकोनी कंसात एडी लिहिलं की फक्त पत्त्याच्या रकान्यात शोध होतो. स्पेलिंगांची सगळी रूपं 'ऑर'ने जोडा आणि ती ओळ जशीच्या तशी जपून ठेवा, पुढच्या वर्षी तीच चालवायची आहे. पण पबमेडची एक मर्यादा फार थोड्यांना ठाऊक असते. १९८८ पूर्वीच्या नोंदींत लेखकाचा पत्ताच नसतो, आणि २०१३-१४ पर्यंत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जायचा. त्यामुळे तुमचे डॉक्टर दुसरे-तिसरे लेखक असलेले त्या काळातले लेख पत्त्याने सापडणारच नाहीत.

याचं कोकणातलंच उदाहरण पाहा. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेलं काम हे या किनाऱ्यावरचं जगाने सर्वांत जास्त दखल घेतलेलं वैद्यकीय संशोधन म्हणता येईल. त्यांचे 'लॅन्सेट'मधले सुरुवातीचे लेख १९८२ आणि १९८६ चे. महाड किंवा रायगड घालून पत्त्याने शोधलंत तर नेमके हेच लेख हाती लागत नाहीत. लेखकाच्या नावाने शोधावं लागतं. विषयाने शोधायचं तर लाल विंचवाचं शास्त्रीय नाव दोनदा बदललं आहे हे लक्षात ठेवा. जुन्या लेखांत बुथस टॅम्युलस, मग मेसोबुथस, आता हॉटेंटोटा. तिन्ही नावं घालावी लागतात.

म्हणून दुसरं जाळं नावांचं. आस्थापना शाखेकडून कालावधीतल्या सर्व शिक्षकांची, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखांसह यादी घ्या आणि प्रत्येक नाव शोधा. इथे आडनावांचा घोळ होतो. 'सावंत एस' या नावाने सिंधुदुर्गातलेच चार डॉक्टर निघतील. राणे, कदम, नाईक यांचंही तेच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या डॉक्टरांचे लेख दोन नावांत विभागले जातात. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर कुणी लिहितं, कुणी गाळतं. कायमचा उपाय म्हणजे ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक), पण तो आजपासून पुढे कामाला येतो. मागचं सगळं हातानेच जुळवावं लागतं.

तिसरं जाळं ओपनअ‍ॅलेक्स किंवा लेन्स या लेखांच्या डेटाबेसचं. दोन्ही मोफत, दोन्हीकडून यादी सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) उतरवता येते. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस सशुल्क आहेत. तुमच्या ग्रंथालयात नसतील तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दिवस बसून यादी काढून आणा. २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं वाचायला मिळतात. ते लेख वाचण्यासाठी आहे, सायटेशन (इतर लेखांनी दिलेले संदर्भ) मोजण्यासाठी नाही. या दोहोंची गल्लत नेहमी होते.

चौथं गुगल स्कॉलर. सर्वांत जास्त सापडतं आणि सर्वांत जास्त कचराही इथेच येतो. इथली नोंद फक्त 'शोधायला हवी' अशा यादीत घाला. मूळ लेख उघडून पत्ता पाहिल्याशिवाय नोंदवहीत घेऊ नका.

नोंदवही

एक ओळ, एक लेख. रकाने हे ठेवा: डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), पीएमआयडी (पबमेडमधला क्रमांक), शीर्षक, नियतकालिक, वर्ष, लेखप्रकार, एकूण लेखक, आपले लेखक, आपल्यापैकी कुणी पहिलं किंवा पत्रव्यवहाराचं लेखक आहे का, छापील पत्ता जसाच्या तसा, विषय, नैतिकता समितीचा मंजुरी क्रमांक, सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) क्रमांक, निधी, मुक्त उपलब्ध आहे का, पडताळणी कुणी आणि कधी केली.

दुबार नोंदी डीओआयवरून ओळखा. आधी त्यातला संकेतस्थळाचा भाग काढा, सगळी अक्षरं लहान करा, ट्रिमने रिकाम्या जागा उडवा, मग एक्सेलचं काउंटइफ सूत्र लावा. एकपेक्षा मोठा आकडा आला की नोंद दुबार. डीओआय नसेल तर पीएमआयडी, तोही नसेल तर शीर्षकाची पहिली चाळीस अक्षरं आणि वर्ष जुळवा.

एक्सेल इथे तीन ठिकाणी दगा देतं. पानांचे आकडे '३-५' असे भरले की त्यांची तारीख होते. ऑर्किड क्रमांक सोळा अंकी असतो आणि एक्सेल पंधराच अंक जपतं, म्हणून मधल्या रेघा काढून क्रमांक म्हणून भरलात तर शेवटचा अंक शून्य होतो. क्रमांक दुसऱ्याच कुणाचा किंवा अवैध ठरतो आणि चूक डोळ्याला दिसतही नाही. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडली तर देवनागरीची अगम्य चिन्हं होतात. तिन्हींवर एकच उपाय: डेटा मेनूतून फाइल आयात करा, यूटीएफ-८ निवडा आणि हे रकाने 'टेक्स्ट' म्हणून घ्या.

विभागांकडे पडताळणीसाठी याद्या पाठवायला जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. शिमग्याच्या आठवड्यात काही परत येत नाही. जुलै ते ऑक्टोबर मेडिसिनचे वॉर्ड लेप्टो आणि डेंगीने भरलेले असतात आणि त्यातच गणपती. त्या काळात पाठवलेली यादी न वाचताच सही होऊन येते. आक्षेपासाठी पंधरा दिवस द्या आणि आक्षेपासोबत लेखाचं पहिलं पान मागा.

काय गाळायचं

'पबमेडमध्ये आहे' म्हणजे मेडलाइनमध्ये (निवडक, पारखलेल्या नियतकालिकांच्या यादीत) आहे असं नाही. पबमेडमध्ये पीएमसी या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहामार्गे जमा झालेले लेखही दिसतात. नियतकालिक मेडलाइनमध्ये आहे का, हे एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये नियतकालिकाच्या नावाने पाहावं लागतं. मुक्त नियतकालिक असेल तर डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या यादीत पाहा. दोन्हीकडे नसेल आणि 'सात दिवसांत स्वीकृती' अशी जाहिरात असेल तर नोंद ठेवा, पण प्रभावाच्या मोजणीत धरू नका. प्रस्थापित नियतकालिकाच्या नावाने खोटं संकेतस्थळ चालवणारेही असतात, म्हणून डीओआय दाबून लेख खरोखर उघडतो का ते प्रत्येक वेळी बघा.

मागे घेतलेले लेख रिट्रॅक्शन वॉचच्या यादीत तपासा. ही यादी २०२३ पासून, डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफमार्फत मोफत मिळते. असा लेख निघाला तर तो लपवू नका, रकान्यात तसं लिहा आणि बेरजेतून वगळा.

सायटेशन मोजताना

एकच स्रोत, एकच दिवस. निम्मे आकडे स्कोपसचे आणि निम्मे गुगल स्कॉलरचे घेतले तर बेरजेला काही अर्थ उरत नाही. गुगल स्कॉलरचा आकडा बहुधा मोठाच असतो. अहवालात आकड्याशेजारी स्रोत आणि तारीख लिहा.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, एका केंद्राचे बारा लेख आहेत आणि त्यांची सायटेशनं उतरत्या क्रमाने अशी: ४१, १९, ११, ९, ७, ६, ६, ४, ३, १, ०, ०. सहाव्या लेखाला सहा आहेत, सातव्याला सात नाहीत, म्हणून एच-इंडेक्स ६. एकूण १०७, सरासरी ८.९, मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६.

याच यादीत एक लेख वाढवा. जगभरच्या रोगभाराचा मोठा अभ्यास, शेकडो लेखक, त्यात आपले एक डॉक्टर, सायटेशन २,३००. सरासरी एकदम १८५ वर जाते. एच-इंडेक्स ६ च राहतो, मध्यकही ६ च. केंद्रात तसूभर बदल झालेला नाही, पण सरासरी छापली तर ते वीसपट मोठं दिसतं. म्हणून लहान केंद्राने सरासरी छापूच नये. मध्यक द्या, आणि शंभराहून अधिक लेखक असलेले लेख वेगळ्या ओळीत दाखवा. आपले डॉक्टर पहिले किंवा पत्रव्यवहाराचे लेखक असलेल्या लेखांची संख्या हा इथला सर्वांत बोलका आकडा. कामाची सूत्रं कुणाकडे होती ते तो सांगतो.

स्वतःच्याच लेखांना दिलेले संदर्भ वगळूनही एकदा मोजा. ते गैर नसतात. विंचूदंशावर चाळीस वर्षं काम करणारा माणूस स्वतःचे जुने लेख सांगणारच. पण दोन्ही आकडे द्यावेत.

विषयाविषयांत फरक असतो. कर्करोगावरच्या लेखाला मिळणारी सायटेशनं आणि काजू सोलणाऱ्या बायकांच्या हातांच्या त्वचाविकारावरच्या लेखाला मिळणारी सायटेशनं एकाच मापाने मोजणं हा अन्याय आहे. यासाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन वापरा. पीएमआयडींची यादी चिकटवली की प्रत्येक लेखाचा सापेक्ष सायटेशन गुणोत्तराचा आकडा मिळतो. १ म्हणजे त्याच क्षेत्रातल्या, त्याच वर्षाच्या, एनआयएचच्या निधीवरच्या लेखांच्या मध्याइतका. कोकणातल्या, निधीविना झालेल्या कामाला ०.७ मिळाले तर ते वाईट नाही, कारण तुलना कुणाशी आहे ते पाहा. ताज्या लेखांचे आकडे तात्पुरते असतात, त्यावरून निष्कर्ष नको.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लेखापुढे लिहून त्यांची बेरीज करण्याची पद्धत सोडून द्या. तो आकडा नियतकालिकाच्या दोन वर्षांच्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी आहे, तुमच्या लेखाविषयी तो काही सांगत नाही. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचं, म्हणजे डोराचं, मुख्य म्हणणं हेच.

वर्षावर्षांची टक्केवारीही टाळा. तीनाचे सहा लेख झाले की 'शंभर टक्के वाढ' लिहायचा मोह होतो. पुढच्या वर्षी दोघांची बदली झाली की 'पन्नास टक्के घट'. तीन-तीन वर्षांच्या बेरजा सरकवत दाखवा.

जे सायटेशनमध्ये दिसत नाही

डॉ. बावस्कर यांनीच ७० रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये 'बीएमजे'त आली. विंचूदंशावरचं प्रतिविष आणि प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) एकत्र दिल्यास, नुसत्या प्राझोसिनपेक्षा रुग्ण लवकर बरे होतात असं तीत दिसलं. सरासरी ८ तास विरुद्ध १७.७ तास. अशा कामाचा प्रभाव शोधायचा तर लेख कुणी उद्धृत केला एवढंच पाहून भागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का, जिल्ह्याच्या उपचारपत्रकात त्यांचा डोस लिहिला आहे का, रात्री दोनला दंश झालेलं पोर गावातच उपचार घेतं की शंभर किलोमीटर पुढे पाठवलं जातं, हे पाहावं लागतं. तुमच्या प्रत्येक महत्त्वाच्या लेखासाठी असे पुरावे जमवा: परिपत्रकाचा क्रमांक, उपचारपत्रकाची जुनी आणि नवी प्रत, औषधसाठ्याची नोंद. पुरावा कागदावर नसेल तर दावा लिहू नका.

'कोकणातून' आणि 'कोकणाविषयी' असे दोन रकानेही ठेवा. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडताप (गोचिडांमुळे पसरणारा विषाणूताप) आला. त्यावरचे बरेच लेख पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतून निघाले. नमुने घेणारे, रुग्ण शोधणारे इथलेच होते, पण अशा कामांत इथल्या माणसांचं नाव पुष्कळदा आभारापुरतंच उरतं. युरोप पीएमसीमध्ये लेखाच्या पूर्ण मजकुरात शोध घेता येतो. तिथे रुग्णालयाचं नाव घालून आभाराचा भाग तपासा. हे लेख आपल्या बेरजेत येत नाहीत, पण अहवालात त्यांना एक पान द्या. पुढच्या साथीच्या वेळी लेखकांत आपलं नाव असावं हे नमुने पाठवण्यापूर्वी बोलायचं असतं, आणि ते बोलायला हे पान उपयोगी पडतं.

आणखी एक मोजमाप जवळजवळ कुणीच करत नाही: सुरू केलेलं किती छापलं गेलं? नैतिकता समितीची मंजुरीवही उघडा. तीन वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या प्रकल्पांपैकी किती पूर्ण झाले, किती छापले गेले, ते मोजा. सीटीआरआयवर संस्थेच्या नावाने नोंदलेल्या चाचण्याही अशाच तपासा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते, त्यामुळे तिथली यादी विश्वासाची आहे. पदव्युत्तर प्रबंध आणि आयसीएमआरच्या विद्यार्थी शिष्यवृत्तीचे अहवाल कपाटात पडून असतात, तेही याच तक्त्यात घ्या. वीसपैकी चारच छापले गेले असतील तर अडचण बुद्धीची नसते. बहुधा आकडेशास्त्राचा सल्ला वेळेवर मिळालेला नसतो किंवा मार्गदर्शकाची बदली झालेली असते, आणि दोन्हींवर उपाय करता येतो.

पुढच्या वर्षी पुन्हा हेच नको असेल तर

पबमेडची ती जपून ठेवलेली ओळ मासिक सूचनेला लावा. ईमेल मात्र ग्रंथालयाचा द्या, कुणाचा वैयक्तिक नको. माणूस गेला की सूचना त्याच्याबरोबर जाते. तीन महिन्यांतून एकदा तासभर बसून नोंदी भरल्या की वर्षअखेरीला दोन दिवसांचं काम उरतं. संस्थेचं नाव इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं, गाव-तालुका-जिल्ह्यासह, याची एक ओळ छापून प्रत्येक विभागाच्या भिंतीवर आणि नैतिकता समितीच्या मंजुरीपत्राच्या तळाशी घाला.

बदली झालेल्या डॉक्टरांच्या ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालयाची सही असतेच. त्याच सहीआधी एक छोटा तक्ता भरून घ्या: ऑर्किड क्रमांक, पाठवलेले पण अजून न छापलेले लेख, अपुरे प्रकल्प आणि ते पुढे कुणाकडे दिले. चार ओळी, पाच मिनिटं.